फिट म्हणून दिलेली व्हॅन

आमची पूरमदतीची कॉलम, म्हणजे लष्कराची तुकडी, नांदेडजवळ विष्णुपुरीला पोहोचली तेव्हा सकाळचे सहा चाळीस झाले होते. सप्टेंबर महिना होता. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. कॉलमबरोबर पाच ट्रक, तीन बोटी आणि एक मोठी ॲम्ब्युलन्स होती. मी हवालदार शिवराज बिराजदार, लष्कराची यंत्रं सांभाळणाऱ्या ईएमईचा व्हेईकल मेकॅनिक. गाड्या चालू ठेवणं एवढंच माझं काम.

रिटायर होऊन लातुरात आल्यापासून लोक विचारतात, गोळी चालवली का कधी? फायरिंग रेंजवर चालवली. बाकी वीस वर्षं हातात पाना होता. बर्फात, वाळूत, चिखलात गाड्या दुरुस्त केल्या. त्या नोकरीतल्या एका दिवसाबद्दल मी आतापर्यंत तीन ठिकाणी बोललो आहे. हे चौथं.

माझं गाव निलंगा तालुक्यात. नायक व्यंकट केंद्रे हा आमच्या कॉलमचा ड्रायव्हर, त्याचं गाव मुखेड तालुक्यात. म्हणजे आम्ही दोघंही एका अर्थानं घरी आलो होतो. व्यंकटचं घर कॅम्पपासून दीड तासावर होतं. त्यानं सुट्टी मागितली नाही. घरी फोन लावून एवढंच सांगितलं, "नांदेडला आलोय. काम हाय. झालं की येतो."

तिसऱ्या दिवशी आम्हाला एका वाडीवर पाठवलं. वाडीच्या तीन बाजूंना पाणी होतं. चौथ्या बाजूला एक नाला आणि त्यावर फरशी पूल. पूल म्हणजे काँक्रीटचा सपाट पट्टा, साधारण साठ पावलं लांब, कठडा नाही. त्यावरून पाणी वाहत होतं, पण वीतभरच. एका बाजूची कड खचली होती. इंजिनिअर साहेबांनी बघून सांगितलं, ट्रक किंवा मोठी ॲम्ब्युलन्स पुलावर घालायची नाही. बोट घालायची तर नाल्यात बाभळी आडव्या पडलेल्या. वाडीतली धडधाकट माणसं आमच्या जवानांनी दोर लावून चालत आणली. आजारी आणि म्हातारी माणसं राहिली. त्यांच्यासाठी हलकी गाडी पाहिजे होती.

अलीकडच्या गावातून एक जुनी पेट्रोल व्हॅन मिळाली. पांढरी, सरकत्या दाराची. मालक तिच्यातून भाजीपाला न्यायचा. मागची सीट काढलेली होती, त्यामुळं स्ट्रेचर बसत होतं. गाडी जुनी होती पण चेसी चांगली होती. मालकानं किल्ली देताना सांगितलं, "साहेब, गाडी लई इमानदार हाय. फकस्त पावसाळ्यात जरा मिसिंग करती."

व्यंकटनं सकाळी तिच्या दोन फेऱ्या केल्या. पाच माणसं सुखरूप आणली. दुसऱ्या फेरीवरून आला तेव्हा दुपारचा एक वीस झाला होता. गाडी उभी केल्यावर सगळं अंग थरथरत होतं. सायलेन्सरचा आवाज तुटक येत होता. व्यंकट खाली उतरला आणि म्हणाला, "उस्ताद, चढाला वढतच न्हाई. एक सिलिंडर झोपलाय बघा."

बरोबर होतं. या व्हॅनला तीन सिलिंडर. तिघांनी आळीपाळीनं जोर लावायचा, तेव्हा इंजिन सारखं फिरतं. एकानं काम सोडलं की उरलेले दोघं त्याचं ओझं वाहतात. गाडी चालते, पण लंगडत. यालाच मिसिंग म्हणतात. सपाट रस्त्यावर निभावून जातं. पाण्यात किंवा चढावर गाडी कधीही बंद पडू शकते.

व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मी सीट उचलली आणि इंजिन चालू ठेवून एकेक लीड काढून बघितली. लीड म्हणजे स्पार्क प्लगला करंट पोचवणारी जाड वायर. पहिली काढली, इंजिन अजून अडखळलं. म्हणजे पहिला सिलिंडर काम करत होता. तिसरी काढली, तसंच. मधली काढली, काहीच फरक पडला नाही. मधला सिलिंडर मेलेला होता.

प्लग खोलला. पेट्रोलनं ओला आणि काळा. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगी पडत नव्हती. पुसून तो पहिल्या सिलिंडरला लावला आणि पहिल्याचा मधल्याला. मधला तरीही मेलेलाच. म्हणजे प्लगचा दोष नव्हता. राहिल्या दोन गोष्टी. लीड, नाहीतर डिस्ट्रिब्युटरची कॅप. डिस्ट्रिब्युटर तिन्ही सिलिंडरना करंट वाटतो आणि त्याच्यावर बेकलाइटचं झाकण असतं, ती कॅप. मी कॅप काढली. आत दमट होतं. फडक्यानं कोरडी पुसली, उजेडाकडं धरून बघितली. आभाळ दाटलेलं होतं. मला काही दिसलं नाही. कॅप परत बसवली. माझ्या टूल बॉक्समध्ये एक लीड होती, ती मधल्या सिलिंडरला लावली.

स्टार्टर मारला. इंजिन एकदम सारखं फिरायला लागलं. मी रेस देऊन बघितलं. कुठं अडखळलं नाही. व्यंकट हसला. मीही हसलो असेन.

इथं एक गोष्ट सांगायची राहते. आमच्या ट्रेडमध्ये शिकवलेलं असतं की पावसात मिसिंग करणारी गाडी कोरड्यात चालली म्हणजे दुरुस्त झाली असं धरायचं नाही. इंजिन चालू ठेवून कॅपवर आणि लीडवर पाण्याचा फवारा मारायचा. दहा मिनिटं थांबायचं. तरीही सारखं फिरलं तर गाडी फिट. याला आम्ही वेट टेस्ट म्हणतो. मी नव्या पोरांना ती शिकवत आलो होतो. फवारणीचा पंप गावात कोणाच्याही घरी मिळाला असता.

दोन वाजून पाच मिनिटांनी आमच्या सुभेदार साहेबांच्या आरटी सेटवर, म्हणजे वायरलेसवर, वाडीवर थांबलेल्या आमच्या पार्टीचा आवाज आला.

"टायगर, टायगर टू. चार पेशंट रेडी. एक बूढ़ी माताजी, कमर की हड्डी टूटी है. गाडी कब तक? ओव्हर."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बिराजदार, कितना टाइम?"

"हो गया, साहब."

"गाडी फिट?"

"फिट, साहब."

साहेबांनी सेटवर सांगितलं, "टायगर टू, गाडी निकल रही है. आऊट."

व्यंकट सीटवर बसला. दार ओढताना त्यानं मला परत विचारलं, "उस्ताद, ठीक हाय ना आता?"

"ठीक हाय. जा."

दोन दहाला व्हॅन पुलावर गेली आणि मिनिटभरात पलीकडं पोचली. पाणी पुलावर अजून वीतभरच होतं. पेशंट चढवायला वेळ लागला. आजीला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना तिला फार दुखत होतं, म्हणून जवान थांबून थांबून उचलत होते. बरोबर तिची सून, एक दम्याचे म्हातारे काका आणि ताप चढलेली एक बाई. या सगळ्याला अर्धा तास गेला. त्या वेळात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला असणार. आमच्याकडं बुरबुर होती. पुलाच्या कडेला आम्ही खुणेचे बांबू रोवले होते, त्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंध्यांपर्यंत पाणी आलं तर गाडी घालायची नाही असा हुकूम होता. दोन पंचेचाळीसला पाणी चिंधीच्या चार बोटं खाली होतं. साहेबांनी बघितलं, मी बघितलं. साहेबांनी हात दाखवला. व्हॅन निघाली.

व्यंकट पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत आणत होता. पाण्यात असंच चालवायचं असतं. पण पाणी आता वाढलं होतं आणि पुढची चाकं ते उडवत होती. इंजिन सीटखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. पाणी सरळ त्याच्यावर जात होतं.

अर्धा पूल ओलांडल्यावर मला आवाज बदललेला कळला. पाण्याच्या आवाजातही कळला. मधला सिलिंडर गेला. मी ओरडलो, "व्यंकट, रेस सोडू नको!" त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पाच-सात पावलं गाडी दोन सिलिंडरवर आली. मग दुसराही अडखळला. गाडी बंद पडली. आमच्या काठापासून पंचवीस पावलांवर.

त्यानं तीन वेळा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

सुभेदार साहेब म्हणाले, "रस्सा. पहले आदमी."

आम्ही दोराचं एक टोक ट्रकच्या बंपरला बांधलं. मी आणि दोन जवान दोर धरून पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि ओढ जोरात होती. व्हॅनपाशी पोचून दोराचं दुसरं टोक तिच्या दाराच्या खांबाला बांधलं. आता धरून चालायला आधार झाला. पहिल्या जवानानं तापाच्या बाईला आणि दुसऱ्यानं काकांना नेलं. मी सुनेला काठापर्यंत आणून सोडलं आणि परत फिरलो. ती सासूसाठी मागं वळून ओरडत होती, "आमच्या मामी हायत! मामी हायत आत!"

मी व्हॅनपाशी पोचलो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. व्यंकटनं स्वतःचं लाइफ जॅकेट काढून आजीला घातलं होतं. स्ट्रेचर बाहेर काढणं शक्य नव्हतं, ओढीनं ते हातातून गेलं असतं. त्यानं आजीला दोन्ही हातांवर घेतलं होतं, लहान मुलाला घेतात तसं. आजी रडत नव्हती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.

त्यानं तिला माझ्या हातांवर ठेवलं आणि म्हणाला, "कंबरंला धरू नका उस्ताद. दुखालंय तिला."

"तू चल माझ्यामागं."

"चला, आलोच."

मी आजीला घेऊन निघालो. दोर काखेत धरला होता. माझ्या मागं दोनेक पावलांवर तो असेल असं मी धरून चाललो होतो. दहा पावलं गेलो असेन, दोराला हिसका बसला आणि तो सैल पडला. मागं बघता येत नव्हतं. आजीला सोडता येत नव्हतं. समोरून दोन्ही जवान आले, त्यांनी आम्हाला धरलं. काठावर आल्यावर मी वळलो. पुलावर व्हॅन नव्हती.

साहेबांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी नंतर सांगितलं. व्यंकट व्हॅनमधून उतरला, दोर धरला, एक पाऊल टाकलं. तेवढ्यात व्हॅन मागच्या बाजूनं सरकली आणि आडवी झाली. दोर तोडून खचलेल्या कडेवरून ती खाली गेली तेव्हा तो तिच्या आणि पुलाच्या कडेच्या मध्ये होता. त्याला दोन सेकंदही मिळाले नाहीत. दुपारचे तीन वाजून दोन मिनिटं.

आरटीवर साहेब बोलत होते ते मला आठवतं. "वन मॅन मिसिंग. आय से अगेन, वन मॅन मिसिंग."

शोधपार्टी लगेच निघाली. बोट खालच्या अंगानं घातली. मला साहेबांनी काठावर थांबायला सांगितलं. मी आजीला ॲम्ब्युलन्समध्ये चढवायला मदत केली. नंतर माझे पाने गोळा केले, पुसले आणि बॉक्समध्ये लावले. सगळे होते. संध्याकाळी कॅम्पच्या लंगरमध्ये दोन रोट्या खाल्ल्या. जेवण गेलं नसतं तर बरं वाटलं असतं, पण गेलं.

व्यंकट दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. नाला जिथं मोठ्या पाण्याला मिळतो तिथं बाभळीत अडकला होता. त्याला ओळखायला मी गेलो. अंगावर युनिफॉर्म नीट होता. बूटसुद्धा पायात होते.

व्हॅन अपघातानंतर चौथ्या दिवशी, पाणी उतरल्यावर मिळाली. एका अंगावर पडलेली होती. ट्रकनं ओढून सरळ केली. मी परवानगी घेऊन सीट उचलली, गाळ काढला आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप खोलली. त्या दिवशी ऊन पडलं होतं. कॅप धुऊन, पुसून उन्हात धरली. मधल्या सिलिंडरच्या टर्मिनलपासून खालच्या काठापर्यंत एक चीर होती. केसाएवढी. आतून काळी पडलेली.

ती कोरडी असते तेव्हा काही होत नाही. पाणी शिरलं की प्लगला जायचा करंट त्या चिरेतून इंजिनच्या अंगात उतरतो. मी त्या दुपारी कॅप पुसली म्हणून गाडी चालली होती. मी समजलो, लीड बदलली म्हणून चालली. काढलेली जुनी लीड माझ्या बॉक्समध्येच होती. तिला मीटर लावला. लीड चांगली होती.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. टेबलाच्या पलीकडं तीन अधिकारी होते. मी जे केलं ते क्रमानं सांगितलं. मधल्या साहेबांनी विचारलं, "वेट टेस्ट क्यों नहीं किया?"

"मुझे लगा लीड ही था, साहब."

"टाइम था?"

"पंद्रह मिनट लगते, साहब. था."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "पंद्रह मिनट बाद पानी और ऊपर होता. शायद गाडी जाती ही नहीं. शायद माताजी वहीं रह जाती. समझ रहे हो?"

"जी, साहब."

कोर्टाचा निष्कर्ष आला. पाणी अचानक वाढल्यानं मृत्यू, कर्तव्यावर असताना. कोणाचाही दोष नाही. माझ्या रेकॉर्डला लाल शाई, म्हणजे शिक्षेची नोंद, लागली नाही. मी सही केली. निष्कर्ष वाचून मला हलकं वाटलं नाही आणि जडही वाटलं नाही. तसंच आहे अजून.

व्यंकटच्या घरी मी महिन्याभरानं गेलो. नांदेडहून एसटीनं मुखेड, तिथून रिक्षानं गाव. घरासमोर त्याचा फोटो आणि हार. त्याचे वडील बाजेवर बसले होते. उंच, हडकुळे. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, "गाडी मी दुरुस्त केली व्हती."

ते बाजेवर सरळ बसले. मग विचारलं, "काय बिघाड व्हता?"

मी सांगितलं. कॅप, चीर, पाणी. ते शेतात डिझेल इंजिन चालवायचे, त्यामुळं त्यांना समजलं. मध्ये त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते.

मग म्हणाले, "तेनं तुमाला इच्यारलं व्हतं का, गाडी ठीक हाय का म्हून?"

"हाव. इच्यारलं."

"मंग तुमी काय म्हनलात?"

"ठीक हाय म्हनलो."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. व्यंकटची बायको दारात येऊन उभी राहिली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही, मी घड्याळ बघितलं नाही.

वडील म्हणाले, "चा टाक गं."

चहा आला. आम्ही प्यालो. ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, की रिक्षाचा आधार घेतला, ते मला नक्की सांगता येणार नाही. एवढंच म्हणाले, "खोटं बोलला न्हाईत."

त्यानंतर दोन वर्षांनी मी पेन्शनवर आलो. लातुरात मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. जुन्या पेट्रोल गाड्या जास्त येतात. क्लासच्या पोरांना ने-आण करणाऱ्या व्हॅन येतात, डाळमिलवाल्यांच्या येतात. मिसिंगची गाडी आली की मी सगळं तपासतो आणि शेवटी पाण्याचा पंप घेतो. काही लोक वैतागतात. "बिराजदार, गाडी चांगली चालालीय की! पाणी कशाला मारालात?" मी सांगतो, दहा मिनिटं थांबा. का ते सांगत नाही. ज्याला घाई असेल त्यानं दुसरीकडं जावं.

गेल्या वर्षी मी त्या वाडीवर गेलो. पूल आता उंच बांधला आहे, कठड्यासकट. मी नांदेडला कामाला गेलो होतो, तिथून जाऊन आलो. आजी जिवंत होती. ऑपरेशन झालं होतं, वॉकर धरून अंगणात हिंडत होती. मला तिनं ओळखलं नाही. सुनेनं ओळखलं. तिनं आजीच्या कानाशी जाऊन सांगितलं, "मामी, हे त्या दिवशीचे मिलिट्रीवाले."

आजीनं वॉकर थांबवला. मला नीट बघितलं आणि मान हलवली. "ह्यो न्हवं. मला गाडीतून काढलं त्यो दुसरा व्हता."

"हाव आजी. तो दुसरा व्हता."

"कुटं असतो आता?"

सुनेनं खाली बघितलं. घरच्यांनी तिला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी सुनेकडं बघितलं. मग मी सांगितलं. तो त्याच दिवशी गेला, तुम्हाला बाहेर काढल्यावर.

आजी वॉकर धरून उभीच राहिली. मग विचारलं, "नाव काय म्हनलास?"

"व्यंकट. व्यंकट केंद्रे."

"गाव?"

मी गाव सांगितलं. तिनं ते नाव दोनदा उच्चारून बघितलं. तिची एक नणंद त्या बाजूला दिलेली होती, असं म्हणाली. मग सुनेच्या आधारानं हळूहळू ओट्यावर बसली.

"लई हळू बोलत व्हता," ती म्हणाली. "एवढं पानी वाजत व्हतं, पर त्यो हळूच बोलत व्हता."

तिचं खरं होतं. व्यंकटचा आवाज बारीक होता. युनिटमध्ये आरटीची प्रॅक्टिस असायची तेव्हा त्याचा निरोप कधी पहिल्या वेळी समजला नाही. आम्ही पलीकडून ओरडायचो, "से अगेन, केंद्रे, से अगेन." तो न चिडता तेच परत सांगायचा. आवाज तेवढाच.